पौषातली उघाड

'गुलाबी थंडी' हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिले, त्याला पौषातल्या एखाद्या पहाटे आमच्या विहिरीच्या काठावर उघड्या अंगाने बसवायला हवं होतं. मग कळलं असतं त्याला थंडीचा रंग. आमच्याकडे थंडी पडते तेव्हा केळीची पानं आधी पिवळी आणि मग काळी पडतात, त्याला लोक चरका म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचे ओठ निळे पडतात, त्याला काहीच म्हणत नाहीत. गुलाबी वगैरे जे काही दिसतं ते जॅकेट घालून फोटो काढणाऱ्यांना दिसतं. मला या दोन शब्दांची शिसारी आहे आणि दर हिवाळ्यात माझ्या टेबलावरून ते निदान एकदा तरी जातातच, कारण माझी नोकरीच तशी आहे.

मी जळगावात नोकरी करते. हवामानाचा अंदाज वरून येतो, तो लोकांना कळेल अशा मराठीत लिहायचा आणि शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवायचा, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वरून येतं ते 'पश्चिमी विक्षोभ पूर्वेकडे मार्गक्रमण करीत असून किमान तापमानात लक्षणीय घट संभवते' असं काहीतरी. हे वाचून कोणता शेतकरी पेटीतून स्वेटर काढेल? म्हणून मी त्याचं मराठी करते. मग ते मराठी आमच्या साहेबांकडे जातं आणि साहेब त्याची वाट लावतात.

तेव्हाच्या साहेबांना 'दिलासा' हा शब्द फार प्रिय होता. पाऊस आला की बळीराजाला दिलासा, पाऊस थांबला की नागरिकांना दिलासा, ऊन पडलं की दिलासा, ऊन गेलं की दिलासा. माणूस मेला असता तरी त्यांनी यमराजाला दिलासा लिहिला असता. वाईट बातमी खाली जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं धोरण. लोक घाबरतात म्हणे. लोक घाबरत नव्हते, साहेब घाबरत होते. कुणीतरी फोन करून 'काय हो, कशाला भीती घालता' असं विचारेल म्हणून.

त्या वर्षीची गोष्ट सांगते. पौष चालू होता. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा सरकला की आमच्याकडे एक खेळ होतो. आधी आभाळ भरून येतं, भुरभुर पाऊस पडतो, हवा कोंदट होते. हरभऱ्यावर अळी येते, उरलासुरला कापूस बोंडातच भिजतो, आणि सगळा मुलूख त्या ढगांना शिव्या घालतो. पण ढग असतात तोवर थंडी नसते, कारण ढग म्हणजे वरून घातलेली गोधडीच. मग तो पट्टा पुढे निघून जातो, आभाळ लख्ख होतं, लोक हुश्श करतात. आणि खरी थंडी तेव्हा पडते. गोधडी निघालेली असते, वर सातपुड्याकडून वारा सुटलेला असतो.

यात घोळ होतो तो 'उघाड' या शब्दाचा. आमच्याकडे उघाड म्हणजे आनंद. पावसाळ्यात झड लागते, निंदणी अडते, फवारणी अडते, घरात कपडे वाळत नाहीत. मग एक दिवस उघाड पडते आणि सगळा गाव शेतात पळतो. पिढ्यानपिढ्या कानाला ही सवय लागलेली. त्यामुळे पौषात कुणी उघाड म्हटलं तरी माणसाचं मन आषाढातलंच उत्तर देतं, चला, सुटलो. पौषातली उघाड ही वेगळी वस्तू आहे, हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम लिहिलं होतं, 'उद्यापासून उघाड पडेल आणि त्यामुळेच थंडी वाढेल. म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण आणि जनावरं यांना उघड्यावर ठेवू नका.' साहेबांनी ते वाचलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, लोक आधीच अवकाळीने वैतागलेत. त्यात तुम्ही म्हातारी माणसं काढता. जरा पॉझिटिव्ह लिहा ना." मी म्हटलं, थंडी पॉझिटिव्ह नाही. त्यांनी पेन उचललं. जिल्हाभर गेलं ते असं: 'ढगाळ वातावरण निवळले. उद्यापासून उघाड. नागरिकांना दिलासा. गुलाबी थंडीचा आनंद घ्या.' आनंद घ्या म्हणे. हा काय अंदाज झाला की लग्नाच्या लॉनचं उद्घाटन?

हा संदेश ज्या हजारो फोनवर गेला, त्यातला एक फोन माझ्या धाकट्या भावाचा होता.

आमचं शेत पाचोऱ्याच्या अलीकडे, एका फाट्यावरून आत. तिथल्याच गावात माझे वडील, ज्यांना आम्हीच काय, अख्खा गाव नाना म्हणतो, ते भावाजवळ राहतात. नानांनी ऐन उमेदीची वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली. रुईचा तो बारीक धुरळा नाकातोंडात घेऊनच त्यांनी आम्हाला शिकवलं. म्हातारपणी त्या धुरळ्याने डोकं वर काढलं. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कफ भरला होता आणि दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी मला आणि भावाला, दोघांनाही समोर उभं करून सांगितलं होतं, "यांना थंडी आणि धूर, दोन्हींपासून जपा. अजून एकदा छाती भरली तर फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत." भावाने मान हलवली होती. माझ्याहून जोरात हलवली होती.

भाऊ वाईट नाही. हे मला सारखं सांगावं लागतं, कारण ऐकणाऱ्याला तसं वाटत नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा कृषी पर्यटन शिरलं होतं. शेतात झोपड्या बांधायच्या, शहरातली माणसं यायची, बैलगाडीत बसायची, भरीत खायची. त्यासाठी त्याने पुण्याचा एक गृहस्थ गाठला होता. तो गृहस्थ ठिकठिकाणी फिरतो, खातो, त्याचे व्हिडिओ करतो आणि ते लाखो लोक बघतात, असं भाऊ सांगायचा. अशा माणसाने आपल्या शेतात एक घास खाल्ला की आपलं नशीब उघडलं, हा त्याचा हिशेब. हा पाहुणा आपल्या मित्रांना घेऊन भरीत पार्टीला यायचा होता. ढगांमुळे बेत पुढे ढकलला होता. माझ्या ऑफिसचा तो दिलासा वाचून भावाने त्यांना लगेच कळवलं, या, उघाड आहे.

मला हे कळलं तेव्हा मी धुळ्यात होते, एका प्रशिक्षणाला. आमच्या खात्यात दर वर्षी आम्हाला सोपं कसं लिहावं हे शिकवतात आणि ते शिकवणारा माणूस इतकं अवघड बोलतो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मा वर्ग पेंगतो. त्या सुट्टीत बाहेर आले तर आभाळ धुतल्यासारखं निळं, आणि वारा फिरलेला. धुळ्याची थंडी ज्याने खाल्ली आहे त्याला हा वारा कळतो. तो उन्हातसुद्धा कानात शिरतो. चहाच्या टपरीवरचा माणूस भर दुपारी मफलर गुंडाळून बसला होता. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. संध्याकाळी पाहुणे येणार, शेतातच पंगत, आणि नानांनाही तिकडेच नेणार आहेत, असं ती म्हणाली. "अक्का, मन्हं कोन आयकस आठे?" तिचं तिथे ऐकणार कोण, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, पाहुण्यांना घरात बसव, ओसरीवर बसव, कुठेही बसव, पण नानांना शेतात नेऊ नकोस, आज थंडी उतरणार आहे.

तो हसला. "अक्का, तूच ते लिखं व्हतं ना, उघाड पडनार म्हनीसन! आभाय गयं, बठ्ठी कटकट गयी. आते कशाले नाट लाई राह्यनी?"

साहेबांचं वाक्य माझ्या नावावर माझ्याच भावाने मला वाचून दाखवावं, यापेक्षा काय वाईट! मी प्रशिक्षण अर्धवट सोडलं आणि पारोळ्याला गाडी बदलून फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य बुडाला होता. फाट्यापासून शेतापर्यंत चालत गेले तोवर माझी बोटं बधिर झाली होती.

शेतात लांबूनच दिवे दिसले. भावाने झाडांना लग्नातल्या माळा बांधल्या होत्या. बांधाशेजारी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे उपटलेल्या काड्या, पेटवून त्यात भरताची हिरवी लांबट वांगी भाजायला टाकली होती. पऱ्हाट्या ओल्या, दोन दिवसांच्या भुरभुर पावसात भिजलेल्या, त्यामुळे जाळ कमी आणि धूर जास्त. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगत लोळतो. त्या धुरात वहिनी बसली होती, भाजलेल्या वांग्यांची सालं काढत. एका बाजूला चटका देणारी वांगी, दुसऱ्या बाजूला हात बुडवायला बर्फासारखं पाणी. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पाहुण्यांपैकी एक बाई तिच्यावर वाकून व्हिडिओ काढत म्हणत होती, "किती सिंपल लाइफ आहे ना यांचं!"

आणि नाना. नाना खाटेवर बसले होते, वारा पऱ्हाट्यांचा धूर ज्या बाजूला नेत होता, बरोबर तिथे. अंगात फक्त पांढरा सदरा आणि धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांचं स्वेटर, शाल आणि कानटोपी खाटेखाली गुंडाळून ठेवलेली होती.

मी वहिनीकडे पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली की पाहुण्याने काढायला लावलं. कानटोपीत ते 'ओरिजिनल' दिसत नाहीत, म्हणाला. स्वेटर लाल होतं, ते व्हिडिओत डोळ्यात खुपतं म्हणे. घरातून भावानेच नानांची लग्नाकार्यातली टोपी आणून दिली. नानांनी कपडे बदलले. पाहुण्याने सांगितलं ना, मग झालं.

तो पाहुणा मला आजही विसरता येत नाही. स्वतः कापूस भरलेलं जाड जॅकेट घालून, कानांना लोकरीची टोपी लावून, हातमोज्यांतून फोन धरून तो नानांना सांगत होता, "आजोबा, तोंडातून वाफ सोडा ना. हां, अशी. अजून एकदा. लाइट चांगला पडलाय." आणि माझे वडील, ज्यांना चार वाक्यं बोलताना दम लागतो, ते वाफ सोडत होते. पाहुण्याच्या फर्माइशीवर. त्यांना खोकला आला तर तो म्हणाला, "खोकला आपण कट करू."

मी शाल उचलली आणि नानांच्या खांद्यावर घातली. म्हटलं, चला, घरी चला, पुरे झालं. त्यांनी शाल हलकेच बाजूला केली.

"पाव्हना जेवी राह्यनात आनि मी उठी जाऊ? लोके काय म्हनतीन?"

इथे मला आमच्या घरची रीत सांगावी लागेल, नाहीतर नाना वेडे वाटतील. पाहुणा जेवत असताना घरधनी उठत नाही. त्याच्या आधी जेवत नाही. पाहुण्याने हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, पाय लांब केले की मग घरधनी ताटावर बसतो. नानांनी हे आयुष्यभर पाळलं. जिनिंगमधून थकून आलेले असले तरी दारात माणूस दिसला की आधी त्याचं पान. आईने कितीदा रिकाम्या टोपल्यातल्या भाकरीच्या चुऱ्यावर रात्र काढली असेल, देव जाणे. लहानपणी मला या रीतीचा अभिमान वाटायचा. त्या दिवशी मला तिचा तिटकारा आला. रीत पाळणारा एकटा असला आणि समोरच्याला ती ठाऊकच नसली, तर ती रीत राहत नाही, तो फास होतो.

कारण ते पाहुणे उठेनात. आमच्या गावातला पाहुणा असता तर घरधनी ताटकळलाय हे पाहून त्याने चार घास कमी खाल्ले असते. या मंडळींना तो म्हातारा आपल्यासाठी उपाशी बसलाय हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, हा नजाऱ्याचा भाग आहे. केळीच्या पानावर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. आधी दर घासाचा फोटो, मग घास. तिखट लागलं की शेजारच्या सरीत थुंकत होते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या पिऊन केळीच्या बुंध्याशी फेकत होते. एकाने तेलकट बोटं केळीच्या उभ्या पानाला पुसली आणि वर म्हणाला, "नॅचरल टिश्यू पेपर!" सगळे हसले. भाऊही हसला. तो भावाचा हसरा चेहरा मी विसरायचा प्रयत्न करते.

मग कुणीतरी गाणी म्हणायला सुरुवात केली. थंडी उतरत होती. माळांच्या उजेडात दव पडताना दिसत होतं. नाना मधूनमधून म्हणत होते, "सावकाश व्हऊ द्या, सावकाश," कारण घरधन्याने असं म्हणायचं असतं. आणि ते खरंच सावकाश जेवत होते, मेले.

शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी त्या पाहुण्याजवळ गेले आणि सरळ म्हटलं, "तुम्ही हात धुतल्याशिवाय माझे वडील उठणार नाहीत. त्यांना दमा आहे. आटपा." तो क्षणभर गडबडला, मग त्याचे डोळे चमकले. "काय सांगता! म्हणजे ही परंपरा आहे? थांबा, थांबा, हे घ्यायलाच हवं!" आणि तो फोन घेऊन नानांसमोर जाऊन बसला. "आजोबा, ही परंपरा काय आहे ती जरा सांगा ना कॅमेऱ्यात." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते परवडलं. या घड्याने पाणी घेतलं आणि त्याचा व्हिडिओ केला.

नानांनी सांगितलं. अडखळत, दम खात, पण कौतुकाने सांगितलं. कुणीतरी विचारलं याचंच त्यांना बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं आणि त्यामुळे मला अधिकच चीड येत होती. सांगून होईपर्यंत त्यांचे ओठ निळे झाले होते.

पाहुणे गेले. जाताना वांगी बांधून नेली, केळीची पानं कापून नेली, भावाच्या पाठीवर थाप मारून गेले. नाना त्यांना वाटेला लावायला उभे राहिले आणि गाडी वळल्यावर तसेच खाटेवर बसले. भरीत त्यांनी खाल्लंच नाही. नको म्हणाले.

सकाळी त्यांच्या तोंडून शब्द निघेना. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पाचोऱ्याहून त्यांना जळगावला हलवलं. मी त्यांच्या नाकावरच्या मास्ककडे बघत बसले होते तेव्हा माझ्या फोनवर त्या दिवशीचा अंदाज आला, माझ्या जागी दुसऱ्याने लिहिलेला. थंडीचा कडाका कायम, नागरिकांना हुडहुडी. आता कडाका आठवला यांना! मी फोन पालथा ठेवला.

नाना वाचले. पण डॉक्टरांनी दिवाळीनंतर जे सांगितलं होतं तेच झालं, फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. घरी आले ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. नाकात नळी, आणि नळी पुरेल तेवढंच घर. रोज सकाळी शेताला फेरी मारणारा माणूस खिडकीपर्यंत जातो आणि नळी ताणली की परत फिरतो. वीज गेली की सगळे आधी मशीनकडे धावतात.

पाहुण्याचा व्हिडिओ खूप चालला म्हणे. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'आजोबा किती गोड', 'अशी माणसं आता राहिली नाहीत', 'गुलाबी थंडी आणि भरीत, स्वर्ग!' भावाने नाना दवाखान्यात असल्याचं त्याला कळवलं, तर त्याने हात जोडलेलं एक चित्र पाठवलं. गरज सरो, वैद्य मरो. पर्यटक काही एकही आला नाही. भावाने माळा उतरवून ठेवल्या आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

निघाला तो परवाच्या पौषात. पुन्हा तसाच पट्टा आला, तशीच भुरभुर झाली. शनिवारी मी पाचोऱ्याच्या गाडीने घरी गेले होते. आभाळ उघडलं त्या सकाळी भावाचा फोन वाजला, तोच पाहुणा. या वेळी मोठा ग्रुप आणतो, म्हणाला, गेल्या वेळेसारखंच करू, आजोबांसकट. जणू आजोबा म्हणजे पानात वाढायची एक चटणी. सांगतो म्हणून भावाने फोन ठेवला. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं, त्याचा चेहरा पडला होता. पण फोनचा आवाज मोठा होता आणि नानांनी खाटेवरून सगळं ऐकलं होतं.

"बलाय त्यासले," नाना म्हणाले. बोलाव म्हणे! मग जरा दम घेऊन, "हाई मशीन मधला घरमा ठेवा. पाव्हनासमोर बरं दिसत नही. घडीभर नळी काढी देसूत."

भाऊ माझ्याकडे बघू लागला. वहिनी चुलीपाशी थिजली. मला वाटलं होतं या माणसाने निदान एवढा धडा तरी घेतला असेल. पण धडा घ्यायला आपलं काही चुकलं असं वाटावं लागतं, आणि नानांच्या मते त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला त्या क्षणी माझ्या वडिलांची किळस आली. हे मी लिहितेय, मला लाज वाटत नाही. त्या नळीची, त्या रीतीची, त्या पांढऱ्या टोपीची, सगळ्याची किळस आली.

मी भावाच्या हातातून फोन घेतला, अंगणात गेले आणि त्या पाहुण्याला फोन लावला. म्हटलं, "भरीत नाही. पंगत नाही. आजोबाही नाहीत."

पलीकडून तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "अरेरे! कधी गेले?"

मी असं म्हटलंच नव्हतं. माझा अर्थ होता, तुमच्यासाठी नाहीत. पण त्याने तो अर्थ घेतला, आणि मी त्याला दुरुस्त केलं नाही. शब्दांची दुरुस्ती हे माझं पोटापाण्याचं काम आहे, पण ते मी ऑफिसात करते. त्याने लगेच विचारलं, "त्यांचं माझ्याकडे खूप छान फुटेज आहे, श्रद्धांजलीचा व्हिडिओ करू का?" मी फोन बंद केला.

त्याने केलाच. दोन दिवसांत गावातल्या सगळ्या फोनवर नाना वारले. खाली उदास संगीत, वर नाना वाफ सोडताहेत. लोक डोक्याला रुमाल बांधून दारात आले आणि खाटेवर चहा पिणाऱ्या नानांना बघून उंबऱ्यातच अडखळले. एका म्हाताऱ्या आबांनी तर येतानाच हंबरडा फोडला होता, तो त्यांना मध्येच गिळावा लागला. भाऊ प्रत्येकाला चहा देत होता आणि चुकून झालं, चुकून झालं म्हणत होता. वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होती. मला वाटलं, नानाही हसतील. त्यांना विनोद कळतो.

माणसं गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. काय झालं ते त्यांनी भावाकडून काढून घेतलं होतं. नळीतून येणारी हवा ओढत, एकेक शब्द वेगळा करत ते म्हणाले,

"मी मरी गऊ सांगं, ते चाली जाई. पन मन्हा दारना पाव्हनाले तुनी नही म्हनं. ते चालाव नही."

मी म्हटलं, तो पाहुणा नव्हता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी जाते, मशीनचं पाणी बदलते, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबते, कानटोपी त्यांच्या डोक्यावर ओढून बसवते. ते बसवू देतात. मी वाढलेलं जेवतात, आणि काही हवं असलं तर भिंतीला सांगतात. वहिनी म्हणते, पाया पड, सॉरी म्हण, म्हातारं माणूस आहे. मी म्हणणार नाही. खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून मी बसते आणि त्यांची छाती वर-खाली होताना बघते. नाना माझ्याशी बोलत नाहीत. बोलायला दम लागतो, तो त्यांनी खुशाल वाचवावा.